मेटल डिटेक्टर घेतला, पण फिरवायचा कुठं?

बिंदुसरेकाठी (शनिवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

दिवाळीत मेव्हण्यानं दुबईहून मेटल डिटेक्टर आणून दिला. लहानपणापासून मला जुन्या नाण्यांचा नाद. आजोबांच्या पेटीत शिवराया होत्या, दोन कलदार होते, भोकाचे पैसे तर गोट्यांसारखे खेळायला असायचे. पेटी वाटणीत चुलत्याकडं गेली आणि नाद तेवढा माझ्याकडं राहिला.

तर मागच्या रविवारी तूर काढलेल्या रानात मशीन फिरवलं. रान आमचंच, गावापासून दोन किलोमीटरवर, बाजूला जुन्या गावठाणाचं टेकाड. चार तासांची कमाई अशी: बैलाची नाल तीन, ट्रॅक्टरचे नट-बोल्ट, कीटकनाशकाच्या डबीचं झाकण, विळ्याचं पातं, अ‍ॅल्युमिनियमचे वीस पैसे (षटकोनी, आठवतात ना?) आणि शेवटी बांधाजवळ वितीच्या आत एक चांदीचं लहान नाणं. एका बाजूला चारमिनार, दुसरीकडं उर्दू की फारसी अक्षरं. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू.

आता प्रश्न:
१. नाणं कुठलं, कधीचं?
२. शेजारच्या टेकाडात मशीन फिरवलं तर चालेल का? ती जागा कुणाच्या नावावर आहे ते मला माहीत नाही.
३. दौलताबादच्या पायथ्याला, पैठणला, तेरला हौशी लोक जातात का? कुणी सोबत येणार असेल तर सांगा. गाडी माझी.

टवाळ (शनिवार, रात्री १०:२०)

दमडीची कोंबडी अन् रुपयाचा मसाला. मशीन केवढ्याचं, नाणं केवढ्याचं? (हलकं घ्या.)

ढब्बू पैसा (शनिवार, रात्री ११:०५)

नाणं दोन्ही बाजूंनी नीट दिसेल असा फोटो व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) पाठवलात, आभार. हैदराबाद संस्थानची पावली आहे ही, चार आणे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर दिसतंय का? ते ऐन, म्हणजे उस्मान अली खान, सातवा निजाम. आधीच्या मेहबूब अली खानाच्या नाण्यांवर तिथंच मीम असतं. वर्ष १३५८ हिजरी, म्हणजे आपलं १९३९. मागच्या बाजूला 'फरखुंदा बुनियाद हैदराबाद' असं टांकसाळीचं नाव आहे. गंमत बघा, मुघलांच्या नाण्यांवर आपल्या औरंगाबादचं नाव 'खुजिस्ता बुनियाद' असं येतं. दोन्ही शहरांचा पाया शुभच घातला म्हणायचा.

तुमच्या आजोबांच्या पेटीत कलदार होते म्हणालात. निजामी मुलखात इंग्रजांचा रुपया तो कलदार आणि घरचा तो हाली. शंभर कलदाराला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली असा दर होता. पंढरीच्या वारीला निघालेला माणूसही हद्द ओलांडण्याआधी पैसे बदलून घ्यायचा.

बाजारभाव विचारू नका, फार नाही. आणि कृपा करून ते चिंचेनं घासू नका.

काळी पांढरी (रविवार, सकाळी ७:४८)

बिंदुसरेकाठी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. आता का, ते सांगतो.

गावाच्या भाषेत शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली की राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, खापरं साचून जमीन उंचावते आणि राखाडी-पांढरी होते. तुमचं टेकाड ते हेच. मी विद्यापीठात पुरातत्त्व शिकलो (नोकरी बँकेत करतो, ती वेगळी रडकथा). आम्हाला सर्वेक्षणाला पाठवताना सरांचं पहिलं वाक्य असायचं, "गावात गेलात की म्हाताऱ्याला विचारा, पांढर कुठंय?"

पांढरीत माती थरानं बसलेली असते. वरचा थर निजामाचा, खाली बहामनी, त्याखाली यादव, नशीब असेल तर सगळ्यात खाली सातवाहन. नाणं कुठल्या थरात, कुठल्या खापरासोबत, चुलीच्या राखेत की भिंतीच्या पायात सापडलं, त्यावर त्या थराचं वय ठरतं. मशीन 'पीं' करतं, तुम्ही वीतभर खड्डा घेता, नाणं उचलता आणि थर फाटतो. तो परत शिवता येत नाही.

काळीची गोष्ट वेगळी. आपली काळी माती उन्हाळ्यात हात-हात फाटते, वरची वस्तू भेगेतून खाली जाते, पावसात फुगून माती वर-खाली होते. ती स्वतःच स्वतःला नांगरत असते. तुमची पावली १९३९ ची असून वीतभर खाली होती, त्यात नवल नाही. अशा नांगरटीच्या रानात थर उरलेलाच नसतो, त्यामुळं नुकसान कमी. पांढरीत मात्र प्रत्येक खड्डा म्हणजे पोथीचं एक पान फाडणं.

आणि तेर! तेरला मशीन घेऊन जाणं म्हणजे गाढवपणा आहे, राग मानू नका. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असं येतं. तगर म्हणजे तेर, हे फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं १९०१ मध्ये मांडलं. आता ऐका, तेरची सगळ्यात बोलकी 'नाणी' कशाची आहेत? मातीची! रोमन नाण्यांचा ठसा मातीत घेऊन, भाजून, वर भोक पाडून केलेली पदकं, गळ्यात घालायला. आपल्याकडची पुतळ्यांची माळ आठवा, तसलाच प्रकार. शिवाय तेरची ती हस्तिदंती बाई, जिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला सापडली. तुमच्या मशीनला ना माती ऐकू येते, ना हस्तिदंत, ना शंखाच्या बांगड्या, ना मणी. ते सगळं तुम्ही खिळ्यासाठी खणताना बाजूला फेकाल.

ढब्बू पैसा (रविवार, सकाळी ८:३०)

काळी पांढरी, +१. भर घालतो. नाणं एकटं असेल तर फार बोलत नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांच्या वर. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला हरवलं, ते या एका मडक्यानं सांगितलं. तीच नाणी दहा गावच्या दहा सोनारांकडं वितळली असती, तर आपण अजून भांडत बसलो असतो.

दौलताबादबद्दल: मोह समजू शकतो. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी तिकडं हलवली आणि दोन-तीन वर्षांत चांदीच्या टंक्याच्या मोलानं चालवायची पितळ-तांब्याची नाणी काढली. दौलताबादच्या टांकसाळीचीही आहेत. त्यावर लिहिलंय, जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो रहमानाची आज्ञा पाळतो. लोकांनी आज्ञा पाळली नाही, घरोघरी तसलीच नाणी पाडली. त्या काळचा इतिहासकार बरनी यानं त्यावर भरपूर चिडून लिहून ठेवलंय. शेवटी सुलतानाला ती परत घेऊन चांदी मोजावी लागली. हे माझं सगळ्यात आवडतं नाणं, कारण त्याच्यात धातूची किंमत काहीच नाही. नुसता शब्द होता, आणि तो चालला नाही. माझ्याकडं एक आहे, परवानाधारक लिलावातून पावतीसह घेतलेलं.

फौजदारी नको (रविवार, सकाळी ११:१५)

धागाकर्ते, तुमच्या नावातल्या बिंदुसरेवरून तुम्ही बीडकडचे दिसता, मीही बीडच्याच बाजूला वकिली करतो. चार गोष्टी सांगतो, फी नको.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत दडलेली कुठलीही मोलाची वस्तू म्हणजे 'निधी'. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा निधी सापडला, तर सापडणाऱ्यानं शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठं, कधी. दहा रुपये १८७८ चे आहेत, पण कायद्यात अजून दहाच. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, वर तुमचा हिस्साही सरकारजमा. जमीनमालकानं लपवायला मदत केली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत.

लोकांना वाटतं, कळवलं की सगळं गेलं. तसं नाही. निधी बेवारस ठरला आणि सापडणारा-मालक यांच्यात आधी काही ठरलेलं नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. सरकारला ठेवून घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर एक पंचमांश देऊन घेता येतो. आता पडलेलं एकटं नाणं 'दडवलेला निधी' आहे की नाही, यावर वकील तासभर बोलू शकतो, पण ते तासभर बोलणं कोर्टात करायची वेळ येऊ देऊ नका. एक अर्ज लिहा, पोच घ्या.

संरक्षित स्मारकाची गोष्ट याहून कडक. दौलताबाद केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत गेलाय. राज्य संरक्षित जागांना राज्याचा १९६० चा कायदा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. त्याचा धंदा करायचा तर परवाना हवा, आणि देशाबाहेर तुम्हा-आम्हाला नेताच येत नाही. तर मेव्हण्याला दुबईला भेट म्हणून काही पाठवू नका!

बिंदुसरेकाठी (रविवार, दुपारी २:४०)

सगळ्यांचे आभार. गाढव म्हटल्याचा राग नाही आला, थोडा आला.

पण एक विचारू का? आमच्या गावची गढी मागच्या तीन वर्षांत अर्धी झाली. कुणी चिरे नेले घराच्या पायाला, कुणी माती नेली वीटभट्टीला. दिवसाढवळ्या जेसीबी लागला होता. तेव्हा थर फाटले नाहीत का? टेकाडाची माती लोक ट्रॉलीनं रानात टाकतात, खत म्हणून. मी वीतभर खड्डा घेतला की तेवढा इतिहास फाटतो, आणि जेसीबीच्या बकेटमध्ये बसला की विकास? जे असंही ट्रॉलीत जाणार, ते मी निदान वाचवीन तरी.

माळवद (रविवार, दुपारी ३:२५)

तुमचं अगदीच चूक नाही हो. आमच्याकडं धाराशिवच्या बाजूला घरं माळवदाची. लाकडाच्या किलचांवर पाला आणि वर हातभर पांढरी माती. पाणी धरत नाही म्हणून मुद्दाम पांढरीतली आणायची, दर एक-दोन वर्षांनी नवा थर. गाढवावर गोण्या यायच्या. पहिला मोठा पाऊस झाला की आम्ही पोरं माळवदावर, माती धुऊन मणी वर आलेले असायचे. लाल, निळे, एखादी शंखाची बांगडी, कधी हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं. आज्जी म्हणायची, "मेलेल्यांचं हाय, घरात आनू नगा." आम्ही ते बिट्ट्या खेळायला वापरायचो. अख्खं सातवाहन साम्राज्य आमच्या डोक्यावर होतं आणि गळायचंसुद्धा!

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी हेच बघून गोळा करायला सुरुवात केली. लोकांना जे सापडेल ते आणून द्या म्हणायचे. त्यातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं, आज ते शासनाचं आहे आणि त्यांचं नाव त्याला आहे. त्यांच्याकडं मशीन नव्हतं. डोळे होते, आणि लोकांचा विश्वास होता.

काळी पांढरी (रविवार, संध्याकाळी ६:०२)

बिंदुसरेकाठी, गाढव मागे घेतो. जेसीबीचा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडं त्याचं चांगलं उत्तर नाही. पण 'असंही जाणार' हे वाक्य वाळूवाले पण म्हणतात.

मधला रस्ता सांगतो. ट्रॉलीनं रानात पसरलेल्या मातीत फिरा, मालकाला विचारून. तिथला थर मेलेलाच आहे. प्रत्येक वस्तूचा आधी जागेवर फोटो, मोबाईलवर अक्षांश-रेखांश, खोली, आजूबाजूला खापर काय होतं. वही ठेवा. माती कुठल्या टेकाडाची ते ट्रॉलीवाल्याला विचारून लिहा. आणि टेकाडात जेसीबी लागला की फोटो काढून तहसील आणि पुरातत्त्व खात्याला पाठवा. ते येतील की नाही, यावर मी पैज लावणार नाही.

शून्य ओहम (रविवार, रात्री ९:१०)

इतिहासातलं मला कळत नाही, मशीनबद्दल सांगतो. धागाकर्ते म्हणतात तसे चार तासांत एवढे कमी संकेत आले असतील तर तुम्ही डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज गाळायची सोय) फार चढवलंय.

थाळीतली एक तार सतत चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, त्यांचं क्षेत्र दुसरी तार पकडते. किती उशिरा आणि कसं परत आलं, त्यावरून मशीन चांदी की लोखंड याचा अंदाज बांधतं. अंदाजच तो. आपली अडचण अशी की काळी माती बेसॉल्टची, लोहखनिजानं भरलेली. मशीनला अख्खं रानच थोडंसं लोखंड वाटतं. म्हणून ग्राउंड बॅलन्स करा: धातू नसलेल्या जागी थाळी वर-खाली करायची, आवाज सपाट होईपर्यंत, आणि रान बदललं की पुन्हा. कोरड्या भेगाळलेल्या रानात भेगेच्या काठावर फसवा आवाज येतो.

लोखंड नको म्हणून डिस्क्रिमिनेशन चढवलं की शिशाची आणि पोटीनची (तांब्याच्या एका हलक्या मिश्रधातूची) पातळ नाणीही कचऱ्यात जातात. सातवाहनांची बरीचशी नाणी तीच. एवढ्याशा नाण्याला वितीच्या फार खाली बघण्याची अपेक्षा ठेवू नका. यूट्यूबवर तीन फुटांवर हंडा दाखवतात तो आधी पुरलेला असतो.

ढब्बू पैसा (रविवार, रात्री ९:४५)

शिशावरून आठवलं. शिशाचं नाणं सापडलं तर लिंबू, चिंच, व्हिनेगर काही लावायचं नाही, लाकडी डबीतही ठेवायचं नाही. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं ते पांढरं पीठ होतं. मी सोंड वर केलेला हत्ती असलेलं एक गमावलंय सागवानी पेटीत. हौसेनं करून घेतली होती पेटी. तांब्यावर फिक्या हिरव्या रंगाची भुकटी सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा, आतून खात जातं. गुळगुळीत गडद हिरवा थर असेल तर त्याला हात लावू नका, तीच त्याची कातडी.

हंडा_२४ (सोमवार, सकाळी ६:३०)

भाऊ मशीन भाड्यानी देता का. आमच्या वाड्यात सात पिढ्यांचं धन हाय, पायाळू मानूस बघून गेला, जागा पक्की हाय. अर्धं अर्धं करू. एक तांदूळ वढणारं नाणं बी हाय, गिऱ्हाईक बघा.

फौजदारी नको (सोमवार, सकाळी ७:०५)

हंडा_२४, तांदूळ ओढणारं नाणं ही शुद्ध फसवणूक आहे, त्यात तुम्ही बकरा आहात की कसाई तेवढंच ठरायचंय. 'जुनं नाणं द्या, लाखो घ्या' म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावानं कमिशन मागणाऱ्यांबद्दल बँकेनं २०२१ मध्येच इशारा दिलाय. आणि गुप्तधनासाठी पायाळू, मांत्रिक आणून अघोरी काही करणं राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. वाड्यात शोधायचंच तर शोधा, वाडा तुमचा आहे. तो माणूस आधी घालवा.

हंडा_२४ (सोमवार, सकाळी ७:२०)

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

थेम्सवरून तेरणा (सोमवार, दुपारी १:५०)

मूळ गाव धाराशिव जिल्ह्यात, नोकरीसाठी इंग्लंडात. इकडं हा रविवारचा उद्योग आहे, नदीवर गळ टाकून बसावं तसा. शेतमालकाची परवानगी लागते, संरक्षित जागी बंदी, आणि १९९६ च्या कायद्यानुसार 'ट्रेझर' सापडलं तर चौदा दिवसांत कळवायचं. बाकीच्या किरकोळ वस्तूंसाठी १९९७ पासून नोंदणीची योजना आहे, सक्ती नाही. तरी दहा लाखांच्या वर वस्तू नोंदल्या गेल्यात. २००९ मध्ये एका हौशी माणसाला स्टॅफर्डशरमध्ये सोन्याचा साठा सापडला, त्याचे ३२ लाख ८५ हजार पौंड आले आणि निम्मे शेतकऱ्याला मिळाले. रात्री चोरून फिरणारे इथंही आहेत, त्यांना 'रातघार' अशा अर्थाचा शब्द आहे.

आपल्याकडं कायद्यात वाटणी इथल्याहून वाईट नाही, उलट सापडणाऱ्याला जास्त. पण शेतकऱ्याला नाणं सापडलं की त्याला पहिलं भय वाटतं ते कार्यालयाचं. इथं त्याच्या दारात येऊन, चहा पिऊन, नोंद करून, वस्तू बहुतेक वेळा परत देणारा माणूस आहे. फरक तेवढाच.

केळणाकाठ (सोमवार, रात्री ८:१५)

आमच्या मामाचं रान असईच्या शिवारात, जालना जिल्हा. २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई, वेलस्ली विरुद्ध शिंदे-भोसले. मामाच्या ओसरीवर कोनाड्यात शिशाच्या गोळ्यांची वाटी आहे, नांगरताना निघालेल्या. पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपासची एकेक. काही गोल, काही चपट्या. चपटी म्हणजे कशावर तरी आदळलेली. कशावर, ते विचारायचं नाही. त्या एका दिवशी कंपनीचेच दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले.

अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी हेच मशीन रांगेत फिरवलं, हातात दोरी आणि झेंड्या घेऊन. प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर मांडली आणि कोण कुठून कुठं पळालं ते उलगडलं. असईला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असं कुणी करावं, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. मामाची वाटी त्या कामाला निरुपयोगी, कारण कुठली गोळी कुठल्या सऱ्यात निघाली ते कुणीच लिहिलं नाही.

टवाळ (सोमवार, रात्री ८:४०)

वाखूसा (वाचनखूण साठवली). पहिला प्रतिसाद मागे घेतो, कोंबडी महाग निघाली.

पत्र्याचं शेड (मंगळवार, पहाटे ४:१०)

माळवद यांचा प्रतिसाद वाचला आणि झोप लागेना, म्हणून लिहितोय.

मी किल्लारीच्या बाजूचा. गाव सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. चारला चार मिनिटं कमी. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर ते माळवद, पांढऱ्या मातीचं, दर वर्षी नवा थर टाकलेलं. तुमच्या डोक्यावर सातवाहन होते म्हणालात. आमच्या अंगावर आले.

रागानं नाही लिहीत. तुम्हाला कसं माहीत असणार.

जुनं गाव तसंच सोडून आम्ही पत्र्याच्या शेडात गेलो, मग नवीन गाव झालं. जुन्या जागी आता बाभळी आहेत. दोन वर्षांमागं दोघं पोरं मशीन घेऊन फिरताना दिसली. कुणीतरी सांगितलं असणार की इथं लोकांचं डाग-दागिना, हाली रुपये गाडलेले राहिलेत. राहिलेतच की. माझी आजी उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात तिचे रुपये ठेवायची, चारमिनारचे. ती गेली, उतरंड गेली. आई पोरांजवळ गेली आणि म्हणाली, "बाळांनो, घावलं तर कुनाचं हाय ते ईचारा. आमी हाव अजून." पोरं गप निघून गेली.

तुम्ही सगळे थर-थर करताय. आमचा पण एक थर आहे. एवढंच.

माळवद (मंगळवार, सकाळी ७:३०)

चुकलं माझं. गंमत म्हणून लिहून गेले.

फौजदारी नको (मंगळवार, सकाळी ९:००)

पत्र्याचं शेड, एक कायद्याची गोष्ट तेवढी नोंदवतो, उपयोग झाला तर. १८७८ च्या कायद्यात निधी गेल्या शंभर वर्षांत कुणी ठेवलेला दिसला, तर त्या माणसाच्या वारसांना हक्क सांगायला, दिवाणी दावा करायला मुदत द्यायची तरतूद आहे. आजीच्या रुपयांना 'बेवारस' म्हणता येत नाही. ती पोरं काही घेऊन गेली असती तरी ते त्यांचं झालं नसतं.

बिंदुसरेकाठी (पुढचा रविवार, रात्री ९:३०)

आठवड्याचा हिशेब देतो.

पावलीचा अर्ज घेऊन तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. बाबूंनी अर्ज दोनदा वाचला. "सापडलं?" "हो." "आणि सांगायला आलात?" "हो." मग त्यांनी शेजारच्या टेबलवाल्यांना बोलावलं. नमुना कुठला, शाखा कुठली, यावर अर्धा तास गेला. गौण खनिजाच्या टेबलावर पाठवलं, तिथून परत. शेवटी जिल्ह्याला नोंदणीकृत टपालानं पाठवला आणि इथल्या आवक-जावकचा शिक्का घेतला. शिक्का मारताना बाबू हळूच म्हणाले, "आमच्याकडं पण एक हाय, आजाच्या काळातलं. दाखवू का उद्या?" ढब्बू पैसा, त्याचा फोटो पाठवतो, शिवराई वाटते मला.

टेकाडाच्या वाटेला गेलो नाही. ट्रॉलीनं माती टाकलेल्या दोन रानांत मालकांना विचारून फिरलो, वही सुरू केलीय. नोंदी सतरा: सोळा खिळे-पत्रे आणि एक घासून गुळगुळीत झालेलं तांबं. ग्राउंड बॅलन्स केल्यापासून मशीन माणसात आलंय.

आणि शेजारच्या काकूंचं जोडवं खुरपताना पडलं होतं, आठ दिवस डोळ्याला पाणी होतं त्यांच्या. वीस मिनिटांत निघालं. त्यांनी पायलीभर शेंगा दिल्या. आता गल्लीत माझं नाव 'जोडवंवाला' पडलंय.

पत्र्याचं शेड (सोमवार, पहाटे ५:२०)

जोडवंवाले, एक विचारायचं होतं. पुढल्या महिन्यात मशीन घेऊन आमच्याकडं येता का? फक्त आमच्या घराच्या जागेवर. आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणते, जोतं अजून दिसतं, उतरंड कुठं होती ते ती दाखवील. घावलं न घावलं.

शून्य ओहम (सोमवार, सकाळी ८:०५)

पडक्या घराच्या जागी प्रत्येक खिळ्याला, प्रत्येक पत्र्याला ओरडेल मशीन. लहान थाळी लागेल, माझ्याकडं आहे. मी लातूरला असतो, आणून देतो.

बिंदुसरेकाठी (सोमवार, सकाळी ८:२०)

येतो. दोन बॅटऱ्या भरून आणतो. आईंना म्हणावं उन्हं व्हायच्या आधी सुरू करू.